ओट्यावरचं टेबल आणि मयत कौशल्याआजी

निवडणूक जवळ आली की रविवारी सकाळी विश्रांतवाडीतल्या आमच्या विहाराच्या ओट्यावर एक टेबल लागतं. मतदार यादीत नाव आहे का, बरोबर आहे का, नसेल तर कोणता फॉर्म भरायचा, एवढंच तिथलं काम. पण तीन तासांत फॉर्म जमतात वीस आणि किस्से पंचवीस! फॉर्म निदान कचेरीत जमा करता येतात. किस्से घरी घेऊन यावे लागतात. माझ्याकडे आता ठेवायला जागा उरलेली नाही, म्हणून थोडे इथे उतरवते.

टेबलावर आम्ही तिघं. कांबळेकाका खडकीच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले. जन्मभर माल पास-नापास केला, आता याद्या करतात. नंदाताई शाळेत शिक्षिका, आणि वर सरकारने त्यांना बीएलओ केलंय, म्हणजे आमच्या भागाची यादी त्यांच्या डोक्यावर. तिसरी मी. ग्लासगोला राज्यशास्त्र शिकून दीड वर्षापूर्वी परत आले. ग्लासगो लंडनपासून किती लांब आहे, हे मी काकांना नकाशावर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि तेव्हापासून मला 'लंडन' म्हणतात.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडून बसले. काकांनी माझ्यासमोर एक लाकडी पट्टी ठेवली.

"हे काय?"

"यादीच्या ओळीखाली धरायची. लॅपटॉपवर यादी दिसते. वाचायची पट्टीनेच."

मी मनात हसले. दुपारपर्यंत त्याच पट्टीने काकांनी एकाच खोलीच्या पत्त्यावर एक्केचाळीस मतदार शोधून काढले! आम्ही दोघं तिथे गेलो, तर ती व्यायामशाळा. ट्रेनर एकटाच बसलेला. काकांनी एक्केचाळीस नावं वाचून दाखवली आणि विचारलं, "ही माणसं इथे असतात का?"

"आमचे मेंबर असतील," तो शांतपणे म्हणाला. "नावं असतात. येत कोणी नाही."

---

त्याच रविवारी कौशल्याआजी आल्या. वय ऐंशीच्या आसपास, पांढरं पातळ, हातात पिशवी. काकांनी पट्टी सरकवत सरकवत त्यांच्या नावावर आणली आणि थांबले. नावापुढे शिक्का होता : मयत.

आजींनी आजवर एकही निवडणूक चुकवलेली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मत दिलं ते अंगठा उठवून. त्याची त्यांना इतकी लाज वाटली, की पुढे याच विहारातल्या प्रौढांच्या वर्गात बसून सही शिकल्या. काय सही आहे! टपोरी, वळणदार, शेवटी एक झोकदार रेघ. गल्लीत कोणाला कसल्याही कागदावर साक्षीदार हवा असला, की लोक आजींकडे येतात. आजीही नाही म्हणत नाहीत.

"अंतिम यादी कधी लागणार?" आजींनी विचारलं.

"चार आठवड्यांनी," नंदाताई म्हणाल्या. "तुमचं नाव माझ्या आधीच्या माणसाने कमी केलंय. पण आजी, आपण ते परत आणू."

"आणायलाच पाहिजे. यंदा मत नाही दिलं, तर शिक्का खरा होईल."

---

सोमवारी मी आजींना घेऊन निवडणूक कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने आधार कार्ड पाहिलं, लाइट बिल पाहिलं, आजींना पाहिलं.

"अर्ज बरोबर आहे. पण मयत व्यक्तीचा अर्ज घेता येत नाही. वारसाला पाठवा."

"मुलगा नागपूरला असतो," आजी म्हणाल्या. "त्याला काय कळवू? मी गेले म्हणून?"

माझं रक्त तापलं. या देशात प्रत्येक प्रौढ माणसाला मताचा अधिकार आहे, तो कोणाच्या मेहरबानीचा नाही, हे मी भर कचेरीत खणखणीत आवाजात सांगितलं. घटनेचं कलम तीनशे सव्वीससुद्धा म्हणून दाखवलं.

कारकून शेवटपर्यंत ऐकत होता.

"तीनशे सव्वीस ना? तीन नंबरच्या खिडकीवर विचारा."

तीन नंबरची खिडकी बंद होती. पण अर्ज दिल्याशिवाय हलायचं नाही, म्हणून आजी तिथल्या बाकावर बसून राहिल्या. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी त्याच कारकुनाने अर्ज घेतला आणि सुनावणीची तारीख दिली.

---

मधल्या एका रविवारी एका उमेदवाराचा माणूस आला. पांढरा शर्ट, तीन फोन. "भाऊंकडून मंडप, खुर्च्या, चहा-नाश्ता सगळं पाठवतो. फक्त मागे एक छोटासा बॅनर."

"सावली आहे," काका म्हणाले. "लोकांना उभं राहायची सवय आहे. पण आलाच आहात तर भाऊंचं नाव तपासून देतो."

पट्टी फिरली. भाऊ सापडले. काकांनी दुसरी यादी काढली. भाऊ तिथेही सापडले!

"भाऊ दोन प्रभागांत राहतात," काका अत्यंत अदबीने म्हणाले. "त्यांना विचारून सांगता का, आम्ही कुठले भाऊ कमी करू?"

बॅनर आला नाही. लोकांनी त्या दिवशी आपापल्या घरून खुर्च्या आणल्या.

---

नंदाताईंना नोटीस आली : निवडणूक प्रशिक्षणाला आपण गैरहजर होतात, कारवाई का करू नये? झालं होतं असं, की प्रशिक्षण नंदाताईंनीच दिलं होतं! हजेरीचा कागद समोर बसलेल्यांत फिरला. फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंकडे कोणी नेलाच नाही.

त्यांनी रजा नाही टाकली, रडल्या नाहीत. नोटिशीवर सही करणाऱ्या साहेबांना एका ओळीचं उत्तर पाठवलं : 'आपण पहिल्या रांगेत बसून मला दोन शंका विचारल्या होत्या, एकीचे उत्तर तेव्हा राहिले होते, ते सोबत जोडले आहे.'

---

बाळूदादा मूळचे लोणी काळभोरचे, इथे टेम्पो चालवतात. त्यांच्या मतदार कार्डावर नाव त्यांचं आणि फोटो बायकोचा.

"बदलून द्या. पण ही म्हणती ऱ्हाऊ द्या."

"का हो वहिनी?" मी विचारलं.

"घरात कुठं ह्यांचं मत चालतंय? मग तिथंच कशाला पायजे!"

फॉर्म मात्र वहिनींनीच भरला. सुवाच्य अक्षरात.

---

तर आजींची सुनावणी. अंतिम यादी दोन दिवसांवर आलेली. त्यांच्याबरोबर आम्ही तिघंही गेलो. काकांनी पट्टी बरोबर घेतली होती.

अधिकारी तरुण होते. त्यांनी फाइल उघडली. "नाव उगाच कमी केलेलं नाही. जागेवर पंचनामा झालाय. 'सदर मतदार मयत असल्याचे शेजाऱ्यांनी समक्ष सांगितले.' खाली तीन पंचांच्या सह्या आहेत."

"सह्या वाचू का?" काकांनी विचारलं आणि परवानगीची वाट न बघता पहिल्या सहीखाली पट्टी धरली. मग दुसऱ्या. तिसऱ्या सहीशी पट्टी थांबली.

टपोरी. वळणदार. शेवटी झोकदार रेघ.

अधिकाऱ्यांनी सही पाहिली, मग आजींना पाहिलं. "आजी, ही सही कोणाची?"

आजींनी चष्मा पुसून लावला. "माझीच की! दोन माणसं आली होती. साक्षीदार पाहिजे म्हणाली."

अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे केला. आजींनी सही केली. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ बघितले आणि पेन उघडून आदेश लिहिला. नाव पूर्ववत करावे.

"खाली एक साक्षीदार लागेल," ते म्हणाले.

पेन काढायला आम्ही तिघांनी एकदम खिशात, पर्समध्ये हात घातला. पण आजी अजून टेबलाशीच होत्या. पेन त्यांच्याच हातात होतं. त्यांनी कागद उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"लंडन, आधी वाचून दाखव."