पाणी पिणारं सिलिकॉन

सिलिकॉनशी माझं कधीच पटलं नाही. दिसायला मऊ, काचेसारखं स्वच्छ, पण पाण्याचा थेंब टाकला की अंगाला लावून घेत नाही. आणि माझं संशोधन म्हणजे नेमकं त्याला पाणी प्यायला शिकवणं. काडेपेटीएवढ्या उपकरणातून थेंबभर द्रव मोटारीशिवाय पुढे न्यायचा, तर तो स्वतःहून ओढून घेणारा, भोकाभोकांचा तुकडा आत बसवावा लागतो. अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला हे नसते उद्योग कुणी सांगितले, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्या थोरल्या भावाच्या किडन्या गेल्या होत्या, एवढंच उत्तर होतं.

दादा घाटनांदूरला आमचं किराणा दुकान चालवायचा आणि डायलिसिससाठी अंबाजोगाईला यायचा. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंगात विष किती साठलं, हे घरच्या घरी लाळेवरून कळावं अशी पट्टी मला त्याच्यासाठी करायची होती. पण त्याला पाणी मोजूनच मिळायचं, त्यामुळे तोंड सदा कोरडं. जी काही थोडी लाळ निघेल ती सगळी चाचणीच्या कागदापर्यंत पोचायला हवी होती. म्हणून ते तहानलेलं सिलिकॉन.

भोकं पाडायला साखर लागते. ओलसर साखर साच्यात दाबून वाळवायची, वर पातळ सिलिकॉन ओतायचं. ते दाण्यांमधल्या फटींत मुरतं. भट्टीत घट्ट झालं की तुकडा कोमट पाण्यात ठेवायचा. साखर विरघळून जाते आणि तिच्या जागी भोकं राहतात.

हे ऐकून दादा भलताच खूश झाला. पाडव्याच्या साखरगाठी आमच्याकडे आजोबांपासून होतात. दुकानामागच्या खोलीत पाक उकळतो आणि लाकडी साच्यांत ओतला जातो. साखरेचं काम म्हणजे आपल्या घरचं काम, म्हणत त्यानं डबा भरून वड्या पाठवल्या. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, देखण्या. पण पाकाच्या. त्यांत फट म्हणून नव्हती. सिलिकॉन बाहेरच गोठलं, आणि साखर गेल्यावर माझ्या हातात पोकळ डब्या आल्या. मी फोनवर चांगलीच भडकले. तो हसत राहिला. गाठीला भोकं पडली तर गिऱ्हाईक परत आणून देतंय, तुला भोकंच पाहिजेत हे मला काय ठाऊक, म्हणाला. पुढच्या खेपेला त्यानं ओली साखर बोटांनी दाबून वड्या केल्या आणि त्या मात्र बेतशीर निघाल्या.

भोकं झाली, पण पाणी शिरेना. वरून लेप दिला की तुकडा पहिल्या दिवशी गटागटा प्यायचा आणि आठवडा उलटला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दादा रोज संध्याकाळी फोन करायचा. स्वतःच्या तब्येतीचं एक अक्षर नाही, आधी विचारायचा, आज प्याला का? दिवसभर कोरड्या तोंडानं गिऱ्हाइकं करणारा माणूस एका रबराच्या तहानेची चौकशी करायचा, तेव्हा माझा जीव तुटायचा.

शेवटी मी वरून लावायचं सोडलं आणि साबणाच्या जातीचं एक द्रव्य ओल्या सिलिकॉनमध्येच कालवलं. जुने झालेले तुकडेही पाणी पिऊ लागले. मी पट्टी घेऊन घाटनांदूरला गेले. गाठींचा हंगाम ऐन भरात होता आणि त्या नादात दादानं डायलिसिसची एक पाळी चुकवली होती. त्यावरून वहिनी त्याच्याशी बोलत नव्हती. चेहरा सुजलेला, तरी बसला होता साच्यांना दोरे लावत. मीही तोंड सोडलं. तो म्हणाला, उद्या सकाळी जातो.

मग पट्टी मागितली. बराच वेळ गाल आत ओढून त्यानं कशीबशी थोडी लाळ जमवली आणि तुकड्यावर टेकवली. तुकड्यानं ती क्षणात ओढली. कागद पिवळ्याचा हिरवा झाला, आणि थांबला नाही. गर्द निळा झाला; निळा जितका गर्द, तितकं विष जास्त. इतका निळा रंग मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता.

दादाला रंगाचं काही कळत नव्हतं. तो ओल्या तुकड्याकडेच बघत होता.

"प्याला की गं," तो म्हणाला. "लई झ्याक. आता काहून रडायलीस?"

"काही न्हाई दादा. चल, गाडीत बस."

"गाठी तशाच पडल्यात."

"बस म्हणते ना."

वाटेत वहिनी पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती आणि मागे तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून होता. दवाखान्यात रक्त घेतलं, त्याला आत नेलं. वहिनी महादेवाचं नाव घेत बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसून एकच मागणं मागत होते, की माझी पट्टी खोटी निघू दे. कागद खराब असू दे, द्रव्य बिघडलेलं असू दे, इतक्या वर्षांचं सगळं काम पाण्यात जाऊ दे. कुणा संशोधकानं असं मागितलं असेल का, मला माहीत नाही. मी अगदी मनापासून मागितलं.

रिपोर्ट आला. पट्टी बरोबर होती. दादा संध्याकाळी गेला.