कुंडीखालची ताटली

दर मंगळवारी महापालिकेचे एक कर्मचारी डेंग्यूच्या अळ्या शोधायला आमच्या कर्वेनगरच्या घरी येत. गॅलरीतल्या कुंडीखालच्या ताटलीत टॉर्च मारून माझ्या पत्नीला विचारत, "डासांचं पाळणाघर काढलंय का, वहिनी?" मग दारामागच्या कार्डावर सही करत.

ती डेंग्यूनं गेली. महिन्यानंतर ते आले तेव्हा ताटलीत अळ्या वळवळत होत्या. मी काहीच विचारलं नव्हतं. ताटली उन्हात पालथी घालत ते हळू म्हणाले, "अहो, या आठवड्याभरातल्या आहेत. वहिनींच्या वेळी ताटली कोरडी होती. मीच पाहिली होती."

ते गेल्यावर मी कार्ड पाहिलं. तिच्या तापाआधीच्या दोन्ही मंगळवारी त्यांची सही नव्हती.

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्यासाठी चहा टाकला.