बापाचं बारसं

“बोल, या खेपेला नाव काय लावू?” शेठने माझ्या बापाला विचारलं.

टेबलाच्या या बाजूला मी. समोर मस्टर, हातात पेन. बाप दारातच उभा. ग्रीसचे हात पाठीमागे धरलेले.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. धुळ्याला आग्रा रोडवर ट्रक दुरुस्तीचं ते मोठं वर्कशॉप. माणूस सलग आठ महिने हजेरीवर राहिला की त्याला कायम करावं लागतं. मग फंड आला, ग्रॅच्युइटी आली. म्हणून सात महिने झाले की नाव काढायचं, दुसरं लावायचं. माणूस तोच, पाना तोच. कामगार त्याला बारसं म्हणायचे आणि हसायचे. हसण्याशिवाय हातात होतं काय?

माझा आजा दोंडाईच्याहून आला तो याच शेठच्या बापाकडे. डिझेलने चेसी धुता धुता म्हातारा झाला आणि रिकाम्या हाताने घरी बसला. त्याचं औषधपाणी माझ्या बापावर. बाप गिअरबॉक्सचा मिस्त्री. ड्रायव्हर लोक त्याच्यासाठी दोन-दोन दिवस गाडी उभी ठेवायचे. पण कागदावर तो कालपरवा लागलेला. पगाराचा दाखला नाही म्हणून बँक दारात उभं करेना. दोन पिढ्या राबल्या आणि घरावरचे पत्रे तेवढे आमचे. मी बारावी झाले, तर शेठने उपकार केल्यासारखं मला हजेरी लिहायला ठेवलं. सोमवारपासून भाऊही लागणार होता.

आणि मी? सात महिन्यांत वीस-बावीस जणांची बारशी मी केली होती. मुकाट्याने. ते दुसऱ्यांचे बाप होते ना.

त्या दिवशी हात चालेना. मी बापाचं खरं नाव लिहिलं.

शेठने वाकून वाचलं. हसला. “तुमच्या लोकांना कशाला हवं गं नावाचं एवढं कौतुक?” मग बापाकडे वळला. “तूच खोड.”

माझं डोकं सणकलं. बाप पुढे आला. पँटला हात पुसले. मला वाटलं, आता बोलेल.

“खोडू दे, माय. मनं काम गयं ते पोऱ्याले कोन ठेवी?”

आणि त्याने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. कागदावर काळा अंगठा उमटला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदम.

मी पेन ठेवलं आणि बाहेर पडले. भावाला सोमवारी जाऊ दिलं नाही. महिनाभर घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. बाप मात्र गेलाच, सुकलाल होऊन. सुकलालचे सात महिने भरले तेव्हा त्याला नवं नाव मिळालं नाही. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणे. उद्यापासून येऊ नको.

मी बापाला लेबर ऑफिसात नेलं. साहेबांनी मस्टरं मागवली, पानं उलटली.

“या नावाचा माणूस तिथे कामालाच नव्हता, बाई. एका जागी आहे, पण खोडलेलं. खोडलं कुणी?”

बापाने मान खाली घातली. तेवीस वर्षं त्या माणसाने दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या केल्या होत्या.

“चाल माय, घर जाऊत,” तो म्हणाला.

मी पानांकडे पाहिलं. ओळीने खोटी नावं, आणि अक्षर माझं.

“साहेब, ही नावं खोटी आहेत. मीच लिहिलीत. लिहून घ्या.”

“गुन्हा तुमच्यावरही येईल, बाई.”

बाप माझा दंड धरून ओढत होता.

“येऊ द्या,” मी म्हणाले.

बापाला चार पैसे मिळतील, न मिळतील. मला आत टाकतील, तर टाकू देत. वीस-बावीस घरांच्या पोरांचा घास मी सात महिने पगार म्हणून खाल्ला होता. त्यांची सगळ्यांची खरी नावं मला पाठ होती. ती शेवटपर्यंत सांगून झाल्याशिवाय मी त्या खुर्चीवरून उठणार नव्हते.