आत्याबाईचं गाणं

हल्ली मला फोन येतात. ‘ताई, आम्ही पण स्वतः गाणी लिहितो, स्वतः गातो, पुढं कसं जायचं ते सांगा की.’ आता मी कोण लागून गेले सांगणारी! अकोले गावच्या बाजारपेठेत नवऱ्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत मी गाणी करते, एवढाच माझा कारभार. पण विचारतात तर सांगते. माईक कुठला घ्यावा हे मला विचारू नका, ते आमच्या ह्यांना विचारा. मी एवढंच सांगते की नवं गाणं झालं की ते आधी कामात गुंतलेल्या माणसाला ऐकवा. हातपाय धुऊन समोर बसलेला माणूस ‘वा वा’ म्हणणारच, बिचारा दुसरं करील काय? कामातल्या माणसाला तुमची भीड नसते.

माझं कामातलं माणूस म्हणजे माझी आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझं माहेर राजूरच्या रस्त्यावर आहे, जीपमध्ये बसलं की थोड्या वेळात घर येतं. नवं गाणं झालं की मी तिकडं जायचे. आत्या सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत असायची आणि मी समोर बसून म्हणायचे. तिचा हात थांबला तर गाणं पास. हात चालूच राहिला तर नापास. आणि मधेच ‘थांब गं, म्हशीला पानी दावून येते’ म्हणून उठली तर ते गाणं परत कुणापुढं म्हणायचं नाही, असा माझा नियम. अशी किती गाणी म्हशीनं घालवली माझी!

आत्याचा नवरा तरुणपणीच वारला आणि ती माहेरी आली. पुढं माझी आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. आत्यानंच मला वाढवलं. बोलायला लागले तेव्हा मी तिलाच आई म्हणायचे म्हणे. पण बाई मोठी खट. मी आई म्हटलं की ती मला उचलून भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपुढं न्यायची. ‘ती बघ तुझी आई. मी आत्या. म्हन आत्या.’ दर वेळी हेच. शेवटी मी शिकले आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

गाण्याच्या नादाला मी लागले ते मात्र नवऱ्यामुळं. तो लग्नांचं शूटिंग करतो, भंडारदऱ्याला जोडप्यांना पाण्याकाठी उभं करून प्री-वेडिंग करतो. व्हिडिओवर सिनेमाची गाणी टाकायची, इंटरनेटवर चढवायचं, की दुसऱ्या दिवशी कॉपीराइटची नोटीस हजर आणि आवाज बंद. नवरी मुकी, नवरा मुका, वाजंत्रीवाले नुसते गाल फुगवतायत! गिऱ्हाईक येऊन याच्या नावानं शंख करायचे. एके दिवशी मी वैतागून म्हटलं, ‘कशाला लोकांची गाणी चोरता? मी देते लिहून.’ तो हसला. त्याच्या हसण्याचा मला असा राग आला की मी खरंच लिहिलं.

मागच्या खोलीत चारी भिंतींना आत्यानं शिवलेल्या गोधड्या टांगल्या आणि तो झाला आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. बसस्टँड जवळच, त्यामुळं दोन गाड्यांच्या मधे गाऊन घ्यायचं. एका गाण्यात अजून मागं एसटीचा हॉर्न आहे, लोकांना वाटतं मी मुद्दाम टाकलाय. शिर्डीच्या एका हॉटेलातही काही दिवस गायले, लॉबीत. मी डोळे मिटून आळवतेय आणि भाविक येऊन विचारतायत, ‘लिफ्ट कुठंय हो?’ तेव्हा रडू यायचं. आता वाटतं, तेही बरंच झालं. कुणी ऐकत नसताना नीट गाता आलं पाहिजे, नाहीतर या धंद्यात पडू नये.

तर आत्याचं गाणं. नवरा एकदा लग्नांची जुनी शूटिंग काढून बसला होता. मी मागं उभी राहून बघत होते. भावकीत, सोयऱ्यांत कुठंही लग्न असलं की स्वयंपाकावर देखरेखीला आत्या लागतेच. आचारी असला तरी मिठाचा अंदाज तिचाच. मी म्हटलं, ‘आत्या दाखवा की कुठं आहे ती.’ त्यानं एकेक लग्न पुढं-मागं केलं. सापडेना! कॅमेरा वळला की बाईसाहेब पदर तोंडावर ओढून पाठ करायच्या. कुठं नुसता कोपर, कुठं हातातलं वरण वाढायचं ओगराळं. इतकी लग्नं तिनं पार पाडली आणि एकाही फोटोत तिचं तोंड नाही. मला असं भरून आलं की मी तिथंच, नवऱ्याच्या मागं उभ्या उभ्याच गुणगुणायला लागले:

सगळ्यांच्या ताटात वाढून झालं,
तुझं ताट कुठं गं, आत्याबाई?
फोटोत सारं गणगोत आलं,
तूच कशी गं त्यात नाही?

दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. आत्या तांदूळ निवडत होती. मी म्हटलं आणि तिचा हात थांबला. थांबला तो बराच वेळ थांबला.

‘कुनावर केलंस हे?’

‘तुझ्यावर.’

‘तुला काय कामधंदा न्हाई?’ असं म्हणून तिनं सूप पाखडायला घेतलं, पण म्हशीकडं काही गेली नाही.

गाणं आम्ही इंटरनेटवर टाकलं. बघणाऱ्यांचा आकडा काही हलेना. नंतर कळलं की आमच्याकडं एक फोन मधे ठेवून अख्खी ओसरी ऐकते आणि मग गाणंच एकमेकांना पाठवतात. आकड्याला काय कळणार ते! म्हणून सांगते, आकड्यावर जाऊ नका आणि गाण्याच्या शेवटी आपलं नाव आणि फोन नंबर टाकायला विसरू नका. ही बुद्धी नवऱ्याची, श्रेय त्याला. राजूरच्या जीपमध्ये ड्रायव्हर माझंच गाणं लावून मला ‘सरकून बसा’ म्हणाला तेव्हा मला कळलं की ते चाललंय.

त्याच नंबरावर एक दिवस शहरातून फोन आला. गाणी काढणारी कंपनी. बोलणारा माणूस गोड होता, खोटं कशाला बोलू. गाणं आवडलं, आवाज माझाच ठेवू, चांगला व्हिडिओ करू, पुढची गाणीही तुमचीच घेऊ. मी शूटिंगच्या स्टुलावर बसलेच. कारण सासऱ्यांनी ओळखीच्या पतसंस्थेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. दिवाळीपर्यंत गाण्याचं काही जमलं तर ठीक, नाहीतर तिथं नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं आणि मीही हो म्हटलं होतं. दिवाळी तर जवळ आलेली.

‘फक्त एक बदल,’ तो म्हणाला. ‘आत्याच्या जागी आई करा. आईवर लोक रडतात हो. आत्यावर कोण रडणार? चालीतही बसतं बघा, तुझं ताट कुठं गं, माझे आई.’

बसत होतं, मेलं! अगदी चपखल बसत होतं.

तशीच जीप पकडून आत्याकडं गेले. तिला सगळं सांगितलं, पतसंस्थेसकट. ती चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड आत सारलं आणि वर न बघताच म्हणाली, ‘मग कर की आई. बरंच हाय.’

‘अगं, गाणं तुझं आहे!’

‘ऱ्हाऊ दे. आई कर.’

मी असली भडकले! म्हटलं, सगळ्या जन्मात तू मागंच राहिलीस, एक गाणं तुझं झालं तर त्यातनंही निघून चाललीस? तिनं पिठाची परात पुढं ओढली. तिला भाकरी थापायची होती. मी रस्त्यावर येऊन त्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं, आत्या आहे ती आत्याच राहील. तो म्हणाला, ‘विचार करा ताई.’ मी म्हटलं, केला. त्यानं नीट नमस्कार वगैरे करून फोन ठेवला आणि परत काही केला नाही.

दिवाळी झाली आणि मी पतसंस्थेत रुजू झाले. टेबलखुर्ची मिळाली, वर पंखा. माणसं चांगली होती, पण मला त्या खुर्चीत गुदमरायला व्हायचं. घरी येऊन नवऱ्यावर डाफरायचे. तो बिचारा गोधड्या झटकून परत भिंतीला टांगून ठेवायचा.

मग लग्नसराई लागली आणि राजूरहून एका बाईंचा फोन आला. ‘तुमचं ते आत्याचं गाणं हाय ना, आमच्याकडं आत्या न्हाई, पर काकू हाय. आमच्या काकूचं करून द्याल का? तिला शेतात भात लावताना गानी म्हनायची लई हौस हाय, तेबी घाला.’ मी करून दिलं. हळदीला वाजलं. त्या हळदीला आलेल्या कुणाला मावशीचं हवं झालं, कुणाला थोरल्या वन्संचं. एकानं तर लग्नात पाणी भरणाऱ्या मामांवर करून घेतलं. त्या कंपनीला वाटत होतं की आत्यावर कोण रडणार! अहो, प्रत्येक मांडवाच्या मागं एक माणूस असतं आणि घरच्यांना ते माहीत असतं, नुसतं कुणी म्हणत नाही. मी त्या घरी जाते, त्या माणसाशी तासभर बोलत बसते, मग लिहिते. ते बोलत बसणं हेच निम्मं काम. पुढच्या लग्नसराईच्या आधी मी ती खुर्ची सोडली आणि सासऱ्यांनी स्वतः स्टुडिओच्या पाटीवर खाली माझ्या गाण्यांची ओळ रंगवून घेतली.

गेल्या उन्हाळ्यात राजूरला आमच्याच नात्यात लग्न होतं. मला गायचं होतं, नवऱ्याचं शूटिंग, आत्या अर्थातच चुलाणापाशी. सकाळी मी तिच्याजवळ लसूण सोलत बसले. पलीकडं साउंडवाला माईक तपासत होता. आता माझं बरं चाललं होतं ना, म्हणून मी जरा ऐटीत म्हटलं, ‘बघ आत्या, त्या कंपनीचं ऐकलं असतं तर तू गाण्यातनं गेली असतीस.’

आत्या वरण ढवळत होती. म्हणाली, ‘कशी जाईन?’

‘आई केलं असतं ना मी.’

‘मग?’ तिनं ओगराळं थांबवलं. ‘आई म्हनली असतीस तरी मीच असते ना गं त्यात? दुसरी कोन हुती?’

माझ्या हातातला लसूण हातातच राहिला. म्हणजे त्या दिवशी ती गाण्यातनं निघून जात नव्हती. मी मात्र तिच्यासाठी भांडून, तिला काय हवंय ते न विचारताच निघून आले होते.

‘पण तूच तर मला म्हणू देत नव्हतीस,’ मी म्हटलं. मनगटानं डोळे पुसले. ‘फोटोपुढं नेऊन आत्या म्हण, आत्या म्हण...’

‘तवा तू लहान हुतीस. तुझी आई सोन्यावानी बाई, तिचं घर, तिची लेक. ती जाऊन वरीस न्हाई झालं आन मी आई म्हनून घ्यायचं? कसं बरं दिसलं असतं?’ ती परत ढवळायला लागली. ‘आता रडू नको. घसा बसंल तुझा.’

दुपारी मी मांडवात उभी राहिले. मला काय गायचं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सगळी कडवी आत्याबाईचीच म्हटली, कारण गाणं तिचंच आहे आणि ते कुणाच्या सांगण्यावरून मी बदलणार नाही, अजूनही नाही. बायका मागनं साथ देत होत्या. आत्या चुलाणापासून मांडवाच्या कडेपर्यंत आली होती, हातात ओगराळं तसंच. शेवटच्या वेळी मी बायकांना हातानं थांबवलं आणि तिच्याकडं बघून एकटीनं म्हटलं:

सगळ्यांच्या ताटात वाढून झालं,
तुझं ताट कुठं गं, माझे आई?

शेवटच्या शब्दावर सूर हलला, चांगलाच हलला. नवऱ्यानं कॅमेरा तिच्याकडं वळवला. मला वाटलं, आता पदर ओढणार आणि पाठ करणार. तिचा हात पदरापर्यंत गेलाही. पण तो तिथंच राहिला आणि ती कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं बघत उभी राहिली, डोळे वाहतायत ते पुसायचंही भान नाही.

मी माईक ठेवून तिच्याकडं गेले. तिनं ओल्या हातानंच माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग माझ्या मागं कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या जावयाला म्हणाली, ‘घेतला का फोटू? मंग सरा आता. वरन करपंल माझं.’