काकींच्या उंचीचा ओटा

तात्या परक्या घरात शिरले की पहिल्यांदा भिंतीला गाल लावत. रामराम नंतर. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायची, डोळे मिटायचे आणि उजवा गाल भिंतीला टेकवून, गाभण म्हशीचं पोट ऐकावं तसं उभं राहायचं. घरमालक, त्याची बायको, घर बघायला आलेलं गिऱ्हाईक, सगळे श्वास रोखून बघत. मग तात्या डोळे उघडून निकाल देत, "वल हाय." किंवा, "कोरडी हाय. घ्या."

सत्तरच्या दशकातल्या साताऱ्यात तात्या घरांचे दलाल म्हणून ओळखले जात. त्याआधी मेढ्याकडून येऊन त्यांनी वीस वर्षं गवंडीकाम केलं होतं. भिंत हातानं का बघत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "चुन्यानं कातडं मेलं, मास्तर. ह्या हातांना आता काय कळत न्हाई. गालाला अजून कळतंय."

मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, नुकतंच लग्न झालं होतं आणि दोन खोल्या शोधत होतो. तात्यांनी मला पेठेतलं एक घर दाखवायला नेलं. मालक कोर्टातले निवृत्त कारकून, हातात किल्ली घेऊन ताठ उभे. तात्यांनी गाल लावला आणि मालकांच्या देखत म्हणाले, "मास्तर, हितं ऱ्हायलात तर पैल्या पावसाळ्यात वह्यांना बुरशी येईल, दुसऱ्यात तुमाला."

मालकांचा चेहरा किल्लीसारखा झाला. "तात्या, तुम्ही माझ्या बाजूचे की यांच्या?"

"आवं, मी भित्तीच्या बाजूचा."

असा दलाल श्रीमंत होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

बाजाराच्या दिवशी एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात तात्यांच्या बातम्या असत. मी त्यांची नक्कल आजही लग्नकार्यात करतो आणि तेवढ्यासाठीच मला बोलावतात असा माझ्या बायकोचा संशय आहे. बशीतला चहा संपवायचा, मिशी पुसायची आणि आकाशवाणीच्या गांभीर्यानं सुरू. "सदर बझारात सुभेदाराचा बंगला निघालाय. पाया दगडी, दारं सागवानी, मालक दोन भाऊ. भाऊ सोडले तर घरात काय दोष न्हाई. गोडोलीत प्लॉट पाडायलेत. पानी न्हाई, पर हवा लय. हवा पिऊन भागत असंल तर घ्या."

एकदा कोरेगावकडचा एक जवान रजेवर आला होता. त्याला पलटणीत बघितलं होतं तसं स्लॅबचं घर पाहिजे होतं, कौलाचं नावही नको होतं. तात्या म्हणाले, "टाक गड्या स्लॅब. पर तू जाशील बॉर्डरवर, म्हातारी भाजंल चैतात. एक खोली कौलाची ठेव." जवान हसला, पण घर बांधताना त्यानं एक खोली कौलाची ठेवली. तात्यांचा सल्ला पुष्कळदा असाच असायचा. बांधणाऱ्यापेक्षा घरात दिवसभर कोण असणार, इकडे त्यांचं लक्ष.

उभ्या ओट्याचं वेड त्यांना त्यातूनच लागलं. तोवर बायका जमिनीवर बसून स्वयंपाक करत. ज्या घरात तात्यांचा शब्द चाले तिथं ते ओटा घालायला लावत. मापाची पट्टी नव्हतीच. घरच्या बाईला भिंतीशी उभं करायचं, पीठ मळल्यासारखे हात धरायला सांगायचं आणि कोपराखाली चार बोटं सोडून पेन्सिलीची रेघ मारायची. प्रत्येक घरातला ओटा वेगळ्या उंचीचा. आम्ही शेवटी जिथं राहायला गेलो, तिथल्या मालकांनाही त्यांनी पटवलं. माझी बायको लाजून लाल झाली होती. लोणंदहून आलेली माझी आई मात्र कडाडली, "उभ्यानं सैपाक? हाटेल हाय का हे?"

"आवं आई," तात्या म्हणाले, "तुमी बसला की उठवाय दोन मानसं लागत्यात. ह्या पोरीचं गुडघं तरी वाचू द्या."

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कोणी बघत नाही असं बघून ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती.

आता काकींबद्दल, म्हणजे तात्यांच्या बायकोबद्दल. तात्या आणि काकी एका घराच्या मागच्या अंगाला दोन अंधाऱ्या खोल्यांत चौदा वर्षं भाड्यानं राहत होते. मालक खिळासुद्धा ठोकू देत नव्हता. काकी जमिनीवर स्टोव्ह मांडून बसत आणि उठताना दाराच्या चौकटीला धरत. गुडघे गेले होते. हात पडायचा तेवढीच जागा चौकटीवर गुळगुळीत झाली होती. एकदा मला भाकरी वाढताना म्हणाल्या, "साऱ्या साताऱ्यात वट्टं घातलं ह्यांनी. माजी भाकरी खालीच." तात्या हसले. काकी हसल्या नाहीत, म्हणून मग तेही थांबले.

गोडोलीत त्यांनी घेतलेला प्लॉट नऊ वर्षं तसाच पडून होता. काकींना बंगला नको होता. आपल्या घरात, आपल्या ओट्याशी उभं राहून भाकरी थापायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं. तात्यांचं परमिट हेलपाटे घालून घालून मंजूर झालं ते ज्येष्ठ संपता संपता. पोती घरी आली. काकी म्हणाल्या, "आखाड लागतूय. आखाडात चौकट हुबी करायची न्हाई. नऊ वर्सं थांबले, चार म्हैने काय?" आखाडात काम धरू नका म्हणून तात्यांनीच अर्ध्या गावाला दटावलं होतं. दसऱ्यानंतर काम धरायचं ठरलं. कौलं गळतील म्हणून तात्यांनी पोत्यांवर दुहेरी ताडपत्री घातली आणि थप्पी मागच्या भिंतीला लावून ठेवली. चार महिने काकी त्या थप्पीशेजारी बसून स्वयंपाक करत होत्या.

दसरा झाल्यावर पोती हलवायला मी मदतीला गेलो. तात्यांनी पहिलं पोतं ओढलं. ते जमिनीवर पडलं आणि दगड पडल्यासारखा आवाज झाला. दुसरं तसंच. भिंतीकडची सगळी तशीच. पोत्याच्या चुण्या, शिवणीचे टाके, सगळं आतल्या दगडावर उमटलेलं. वरून पाण्याचा एक थेंब आला नव्हता.

तात्यांनी टोपी काढली आणि त्या भिंतीला गाल लावला. स्टोव्हपाशी बसलेल्या काकींनी विचारलं, "काय झालं, वं?" तात्या टोपी घालून बाहेर गेले. पायरीवर बसून हळूच मला म्हणाले, "चौदा वर्सांत ह्या भित्तीला कवा गाल लावला न्हाई, मास्तर. हे काय आपलं घर हाय, असं वाटायचं."

दुसरं परमिट लवकर मिळणार नव्हतं. त्या हिवाळ्यात काकींना खोकला लागला आणि तो गेला नाही. वर्षभर वाट बघून, साठी उलटलेल्या तात्यांनी सिमेंटचा नाद सोडला. चुना आणला, स्वतः थापी हातात घेतली आणि गोडोलीच्या माळावर फक्त स्वयंपाकघर बांधलं. चार भिंती, वर पत्रा, एक खिडकी. काकींना भिंतीशी उभं करून रेघ मारली आणि कडप्पा बसवला.

भिंती वाळून राहायला जाईपर्यंत काकी आणखी खचल्या होत्या. पहिल्या दिवशी ओट्याला धरून त्यांनी एक भाकरी थापली. दुसरी थापताना पाय कापायला लागले आणि त्या खाली बसल्या. तव्यावरची भाकरी करपली, ती तात्यांनी उतरवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घण घेऊन तो ओटा फोडला. काकींना स्टुलावर बसवलं, पीठ मळल्यासारखे हात धरायला लावले आणि नवी रेघ मारली. इतका बुटका ओटा साऱ्या साताऱ्यात नव्हता. शेजारची पोरं त्याला भातुकलीचा ओटा म्हणत. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत काकींनी त्यावर रोजच्या भाकरी केल्या. मी तिथं पिठलं-भाकरी खाल्ली आहे. काकी स्टुलावर राणीसारख्या बसत आणि मला उभ्यानं ताट धरायला लावत.

चैत्रात काकी गेल्या.

तात्यांनी पुढच्या खोल्या बांधल्याच नाहीत. हॉटेलात यायचे, बशीतला चहा प्यायचे. "तात्या, काय निघालंय?" कोणी विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई." वर्षभरानं त्यांची मुलगी त्यांना सांगलीला घेऊन गेली. ते स्वयंपाकघर प्लॉटसकट एका फौजी कुटुंबाला विकलं. एस.टी.त बसताना तात्या एवढंच म्हणाले, "सांगलीची माती काळी, मास्तर. घर जाग्यावर ऱ्हात न्हाई तिथं. उन्हाळ्यात फाटतं, पावसाळ्यात फुगतं. म्हातारपनी असल्या मातीत चाललोय."

पुढं परीक्षेच्या कामाला मी सांगलीला गेलो, तेव्हा त्यांना भेटलो. खाटेवर पडून होते. आवाज बारीक झाला होता. मुलीनं चहा दिला आणि ती आत गेली. तात्यांनी गोडोलीची चौकशी केली. नळ आला का, रस्ता झाला का. मग विचारलं, "वट्टा?"

"आहे तसाच आहे," मी म्हणालो.

"फौजीची बायको उंच हाय म्हनं."

"हो. वाकून करते बिचारी. पण हात लावू देत नाही त्याला कोणाला."

तात्या कोपरावर भार देऊन जरा उठले.

"फोड म्हनावं तिला," ते म्हणाले. "पाठ मोडून घेईल. कोपराखाली चार बोटं सोड म्हनावं."

फौजीनं तो ओटा फोडून तेव्हा दोन महिने झाले होते. मी म्हणालो, "सांगतो, तात्या."