दोन पुजाऱ्यांचा तपास

निवृत्त झाल्यावर एका प्रकाशकाने मला या प्रकरणावर कादंबरी लिहायला सांगितलं. दोन पोलीस, दोन पुजाऱ्यांचे खून, पुण्यासारखं शहर. आणखी काय हवं, असं त्याचं म्हणणं. मी थोडी पानं लिहिली आणि सोडून दिली. कादंबरीतल्या पोलिसांना झोप लागत नाही. मला आणि माझ्या हवालदाराला त्या दिवसांत कुठेही झोप लागायची. बाकावर लागायची, जीपमध्ये लागायची, एकदा तर वरिष्ठांच्या बैठकीत लागली.

मी फौजदार होतो, पेठेत वाढलेला. हवालदार माझ्याहून बरेच मोठे, मावळातल्या खेड्यातून आलेले, गुडघे धरलेले आणि देवभोळे. रस्त्यात देऊळ लागलं की गाडीवर मागे बसल्या बसल्या हात जोडायचे. त्यामुळे गाडी डुगडुगायची आणि मी चिडायचो.

पहिला खून कात्रजच्या बाजूला झाला. डोंगराच्या पायथ्याशी देवीचं लहान देऊळ होतं, तिथे एकटे राहणारे म्हातारे पुजारी. त्यांच्या डोक्यात घाव घातलेला होता आणि देवीचा चांदीचा मुखवटा गेला होता. त्याचा तपास सुरू होतो न होतो तोच वारज्याकडच्या भैरोबाच्या देवळात दुसरे पुजारी तसेच मारले गेले. तिथलाही मुखवटा नाहीसा. देवळं लुटणारी टोळी आली आहे, हे वर्तमानपत्रांनी ठरवून टाकलं आणि आमच्या वरिष्ठांनीही. टोळी शोधायला आम्ही दोघं.

आम्ही देवळामागून देवळं फिरलो. पेठेतल्या एका मारुतीच्या पुजाऱ्यांना मी सांगितलं, अनोळखी माणूस दिसला तर कळवत जा. ते गंध उगाळता उगाळता म्हणाले, "देवळात अनोळखीच येतात. ओळखीचे कशाला येतील?" हवालदार हसले. माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं.

भैरोबाच्या देवळात मात्र रोज जावं लागे. मेलेल्या पुजाऱ्यांचा धाकटा भाऊ आता पूजा करत होता. दोघा भावांनी वर्षाआड पूजा करायची, असं वडिलांनी ठरवून दिलेलं. पण थोरल्याने बरीच वर्षं पाळी सोडली नव्हती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं. धाकटा शांत माणूस. आम्हाला चहा पाजायचा, तपास कुठवर आला विचारायचा, निघताना हातावर तीर्थ द्यायचा. हवालदार ते डोळे मिटून घ्यायचे.

देवळाजवळच्या शेतावर इमारत उभी राहायची होती. तिथली जुनी विहीर बुजवण्यासाठी बिल्डरच्या माणसांनी पाणी उपसलं, तेव्हा गाळात एक गाठोडं सापडलं. आम्हाला बोलावणं आलं. हवालदारांनी खडीच्या ढिगावर बसून गाठ सोडली. आत भैरोबाचा मुखवटा होता, रेशमी सोवळ्यात नीट गुंडाळलेला. त्यांनी तो परत झाकला. मग म्हणाले, "चोर चांदी टाकत नाही, साहेब. आणि टाकलीच तर सोवळ्यात बांधत नाही."

ते सोवळं आम्ही मेलेल्या पुजाऱ्यांच्या बायकोला दाखवलं. तिने ते हातात घेऊन काठ चाचपला आणि लगेच सांगितलं की तिच्या लग्नात माहेरच्यांनी धाकट्या दिराला दिलेलं ते हेच. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. पदर तोंडात धरून ती भिंतीला टेकली. त्याच भिंतीच्या पलीकडे दिराचं बिऱ्हाड होतं.

आम्ही देवळात गेलो तेव्हा संध्याकाळच्या आरतीची तयारी चालली होती. धाकट्याने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तो ओळखून चुकला. म्हणाला, "आरती हू द्या, साहेब. माणसं थांबल्यात."

आम्ही थांबलो. त्याने सबंध आरती म्हटली, कुठेही न अडखळता. मग नेहमीप्रमाणे तीर्थाची पळी घेऊन सगळ्यांसमोरून फिरला. हवालदारांचा हात पुढे झाला. ते तीर्थ प्यायले, ओला हात डोक्यावरून फिरवला. मी हात मागे बांधून उभा राहिलो. पुढे जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "सवयीनं गेला हात."

चौकीत आम्ही विचारायच्या आधीच धाकट्याने सगळं सांगितलं. त्या सकाळी त्याने भावाकडे पुन्हा पाळी मागितली होती. तुला मंत्र येत नाहीत, असं भाऊ म्हणाला. हाताशी समई होती. भाऊ पडल्यावर त्याला कात्रजची बातमी आठवली आणि त्याने मुखवटा उचलला. मी विचारलं, मग गुंडाळला कशाला? त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "उघडा देव पाण्यात कसा टाकू?"

त्याला जन्मठेप झाली. कात्रजचे मारेकरी पुढे दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच चोरीत सापडले; त्यात आमचा काही हात नव्हता. आमचा मात्र सत्कार झाला. हवालदार गुडघ्यांचं निमित्त सांगून आले नाहीत. त्यानंतर त्यांनी बसून करायचं काम मागून घेतलं आणि निवृत्तीपर्यंत वायरलेसच्या खोलीतून बाहेर पडले नाहीत. मला नवा जोडीदार मिळाला. तरुण होता, हुशार होता, आणि ती केस कशी झकास होती ते मलाच सांगायचा. मी ऐकून घ्यायचो.

बऱ्याच वर्षांनी काही कामाने वारज्याला गेलो असताना त्या देवळात डोकावलो. चारी बाजूंनी इमारती आल्या होत्या. पूजा आता थोरल्याची विधवा करते, हे मी ऐकून होतो. सुरुवातीला गावात कुरबुर झाली, मग दुसरं कुणी पुढे येईना, तेव्हा लोक गप्प बसले. ती गाभाऱ्यात देवाला पुसत होती. उंबऱ्याबाहेर धाकट्याची बायको फुलं निवडत बसली होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आतून हात पुढे आला की बाहेरची त्यात फुलं ठेवायची. मी पायरीवर जरा वेळ बसलो. पाय दुखत होते.