खिशावरचा हात

आमच्या आळीतला एक वेल्डर राहतो बहारीनला आणि कामाला रोज समुद्रावरचा पूल ओलांडून सौदीत जातो. जाताना पासपोर्ट दाखवायचा, येताना दाखवायचा. सुट्टीला रोह्यात आला तरी कुंडलिका नदीचा पूल लागला की त्याचा हात खिशावर जातो.

"अरे, इथं कोण बघतोय तुझा कागद?" मी हसायचो.

"हाताला कळत नाय, काका."

यंदा माझ्या मुलालाही डोलवीच्या पोलाद कारखान्यातलं कंत्राटी काम सोडून तिकडं जायचं होतं. त्याचा पासपोर्ट पेणच्या एका एजंटाकडे मीच देऊन आलो. दोन महिने झाले, व्हिसा नाय आणि पासपोर्टही नाय. पोरगा विचारायचा, मी त्याच्यावरच ओरडायचो.

वेल्डर म्हणाला, "काका, पासपोर्ट असा हातातून सोडायचा नसतो."

"मला शिकवू नको," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन एजंटाच्या दारात जाऊन बसला. भांडला नाय. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिला, "दोन महिन्यांपूर्वी दिलेला पासपोर्ट न्यायला आलोय." दुपारच्या आत पासपोर्ट मिळाला.

आळीच्या तोंडाशी त्यानं तो माझ्या हातात ठेवला. "पोराला सांगा, तुम्ही आणलात."

मी तसंच सांगितलं. पोरगा पाया पडला.

वेल्डर परत गेला. मला खरं तोंडानं सांगता येत नाय, म्हणून हे लिहिलंय. पोरगा वाचेल.